महिकावतीची बखर नेमकी कोणी लिहिली?

वसई-विरार ते केळवे-माहीम पट्ट्यातल्या एखाद्या फॅमिली ग्रुपवर तुम्ही असाल, तर एक फोटो कधी ना कधी आला असेल. जुन्या पुस्तकाचं पान, त्यात आपलं गाव किंवा कुळ, आणि खाली मजकूर : '१४४८ सालचा पुरावा!'

ते पुस्तक बहुतेक वेळा 'महिकावतीची बखर' असतं. महिकावती म्हणजे माहीम. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही बखर १९२४ मध्ये छापली. उत्तर कोकणातले राजे, गावं, कुळं, गोत्रं असं बरंच काही तिच्यात आहे. त्यामुळे इथल्या अनेक समाजांचे कुलवृत्तांत तिच्यावरच उभे आहेत.

पण १४४८ हे साल सगळ्या बखरीचं नाही.

बखरीत सहा प्रकरणं आहेत, काही गद्यात, काही पद्यात. ती एका हातची नाहीत. सर्वात जुनी प्रकरणं दुसरं आणि तिसरं. ती केशवाचार्यांची, शके १३७० म्हणजे इ.स. १४४८ ची मानली जातात. देवीने स्वप्नात येऊन मालाडच्या नायकोरावांना लोक एकत्र करायला सांगितलं आणि त्यातून हे लेखन झालं, अशी कथा खुद्द बखरीतच आहे. भगवान दत्त हा दुसरा लेखक शंभराहून अधिक वर्षांनंतरचा. म्हणजे तेव्हा वसईत पोर्तुगीज येऊन स्थिरावले होते! पुढे नकला होत गेल्या. वतन आणि मानपान वंशावळीवर ठरायचं त्या काळात नक्कल करणाऱ्याचा हात किती स्वच्छ राहिला असेल, ही शंका रास्तच.

तेव्हा फोटो आला की आधी विचारा, प्रकरण कितवं?

अर्थात केशवाचार्यांचं नाव आलं म्हणजे काम झालं, असंही नाही. प्रताप बिंब राजा इथे आला तो शके १०६० च्या सुमारास, असं बखर सांगते. म्हणजे केशवाचार्यांच्याही ३०० वर्षं आधी. आणि विरारजवळच्या आगाशीत शके १०७२ चा, म्हणजे ११५० चा शिलालेख मिळालाय. त्यात राजाचं नाव आहे हरिपालदेव. तो शिलाहार, बिंब नव्हे.