पंधरा तारखेच्या आत



उलव्यात आम्ही चौघं एका खोलीत राहतो. तिघं कामावर जाणारे, चौथा पीएच.डी. करणारा. मी गिरणीत आहे. पगार चार दिवस लांबला की आम्ही गेटवर उभे राहतो, बोंब मारतो. चौथ्याची फेलोशिप आठ महिने आली नव्हती. तरी पठ्ठ्या गप्प. काम काय कमी होतं? गाईडच्या वर्गावर शिकवायचं, पेपर तपासायचे, सेमिनारच्या खुर्च्या मांडायच्या, गाईडचा प्रोजेक्ट टाईप करायचा. मी म्हणालो, ''युनियन का काढत नाही रे?'' तो म्हणाला, ''आम्ही कामगार नाही. विद्यार्थी आहोत.''

हे वाक्य त्याचं नाही. ते त्याच्याकडून वदवून घेतलेलं आहे. म्हणून जरा इतिहास काढून बसलो.

1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. लोखंडे जोतीरावांचे सत्यशोधक. परळला सभा भरली, साडेपाच हजार सह्या झाल्या. मागण्या काय? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. ''आमच्यावर दया करा'' असलं मोघम काही नाही. वार मागितला, वेळ मागितली, तारीख मागितली. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडलं. सहा वर्षं गेली, पण मिळाला.

आमच्या उलव्याच्या आजूबाजूची मातीही तेच सांगते. इथली जमीन सिडकोनं घेतली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई-दास्तानकडे गोळ्या चालल्या, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क निघाला. आकड्यात बांधलेली मागणी सरकारला सहज गिळता येत नाही.

पण आकडा कुणासाठी, हेही विचारलं पाहिजे. गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त. तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धागा तुटला की तोंडानं ओढून धोट्यात घालायचा, आणि सवर्ण कामगाराला आपल्या थुंकीचा विटाळ. लाल बावटा खांद्यावर, आणि विटाळ ओठावर! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावलं, की सगळ्या खात्यांत काम करायचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत. नाइलाजानं का होईना, घातला. पुढं फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रूंची नावं घेतली, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही. एक सोडून दुसरा नाही.

हेच बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. 1917 मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. ज्ञानाच्या मागं पैशाची दोरी असते, आणि ती दुसऱ्याच्या हातात असते.

त्याच कोलंबियात 2016 मध्ये अमेरिकेच्या कामगार मंडळानं निकाल दिला, की शिकवणारे आणि संशोधन करणारे विद्यार्थी हे कामगारही आहेत. मग 3 नोव्हेंबर 2021 ला तिथल्या सुमारे तीन हजार विद्यार्थी-कामगारांनी संप केला. पगारवाढ, दवाखान्याचा विमा, आणि छळ झाला तर विद्यापीठाबाहेरच्या तटस्थ माणसाकडे दाद. दहा आठवड्यांच्या आसपास टिकले आणि जानेवारी 2022 मध्ये करार घेऊन उठले. त्याच सुमारास हार्वर्डच्या विद्यार्थी-कामगारांच्या युनियननं आपल्या करारात जातीवरून भेदभाव करायचा नाही असं कलम घालून घेतलं. 1928 ची मागणी समुद्रापार पोचली म्हणायची.

आणि आपल्याकडे? हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप सात महिने थकली होती, पावणेदोन लाख रुपये. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. जाताना चिठ्ठीत तो हिशेब लिहून गेला, घरच्यांना द्या म्हणून. उलव्यासमोर खाडी आहे, खाडीपलीकडं देवनार. तिथं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत 21 फेब्रुवारी 2018 ला पोरांनी संप केला, कारण शिष्यवृत्तीवरच्या मागास विद्यार्थ्यांची फीमाफी काढून घेतली होती. 2023 मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी पोरं-पोरी उन्हात आझाद मैदानात बसली. दोनशे नको, 861 जणांना सरसकट द्या, ही मागणी. प्रत्येक वेळी मैदान नवं, मंडप नवा, पोरं नवी. मंडप उठला की सगळे पांगतात. युनियन पांगत नाही, हाच फरक आहे.

युनियन नोंदवायला 1926 च्या कायद्यात सात माणसं लागत. 2020 च्या संहितेतही नोंदणीचा अर्ज करायला किमान सात लागतात. पण त्याआधी ''आम्ही कामगार आहोत'' हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं.

म्हणून माझं मागणं लिहून ठेवतो. फेलोशिप महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि नोंदणीच्या दिवसापासून. गाईडच्या घरची, खाजगी कामं बंद. शिकवलं तर तासाचे पैसे वेगळे. तक्रार ऐकणारा गाईडच्या खात्यातला नको. बाळंतपणाची रजा, पैशासकट. जातीवरून छळ झाला तर करारात कलम हवं, नुसतं परिपत्रक नको. आणि युनियनच्या कमिटीत आपली माणसं, पोरीसुद्धा, पहिल्या दिवसापासून. पुढारी त्यांचे आणि सतरंज्या आपल्या, हे पुन्हा नको.

हे सगळं रात्री खोलीत वाचून दाखवलं. चौथा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ''आमच्या खात्यात पाच जण होतील.''

दोन कमी आहेत. ते तुम्ही शोधा.

जयभीम.