सांस्कृतिक जाण : व्यसनमुक्ती व न्यायव्यवहारातील (सोनगीर परिसर, खानदेश)

व्यसनाच्या प्रकरणात समोर आलेला माणूस काय, कधी आणि कोणाबरोबर घेतो, कोणत्या भाषेत दुखणे सांगतो, कोणाचा शब्द मानतो आणि कशाची लाज बाळगतो हे ओळखून तपास, उपचार व निवाडा करण्याची कर्मचाऱ्याची तयारी. ठाण्यातील हवालदार, सरकारी वकील, दंडाधिकारी, परिवीक्षा अधिकारी, रुग्णालयातील परिचारिका आणि व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशक या सर्वांना ती लागते.

‘सांस्कृतिक क्षमता’ ही संज्ञा टेरी क्रॉस व सहकाऱ्यांच्या १९८९ मधील अमेरिकी अहवालामुळे रूढ झाली. त्याच वर्षी फ्लॉरिडातील मायामी येथे अमली पदार्थांच्या आरोपींना तुरुंगाऐवजी न्यायाधीशाच्या देखरेखीखाली उपचार देणारे पहिले न्यायालय सुरू झाले. १९९८ मध्ये टर्व्हालोन व मरे-गार्सिया यांनी ‘सांस्कृतिक क्षमता’ या कल्पनेवर दुरुस्ती सुचवली : परक्याची संस्कृती पुरती शिकून झाली असे कधी होत नाही, म्हणून क्षमतेपेक्षा नम्रता बरी. न्यूझीलंडने २०१२ मध्ये ऑकलंड व वायटाकेरे येथे मायामीसारखे उपचार न्यायालय उघडले आणि त्यात माओरी रीतिरिवाज जाणणारा सल्लागारच नेमला. भारतात या धर्तीचे उपचार न्यायालय नाही. येथील विशेष न्यायालये खटला चालवतात; उपचाराचा धागा पोलीस, दंडाधिकारी, सरकारी रुग्णालय आणि स्वयंसेवी केंद्र यांच्यात विखुरलेला असतो. जाणही त्यामुळे एका संस्थेत गोळा होत नाही, ती प्रत्येक उंबऱ्यावर वेगळी लागते.

परिसर : सोनगीर हे धुळे तालुक्यातील गाव धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किमी.वर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांसाठी आणि टेकडीवरील किल्ल्यासाठी ते ओळखले जाते. सरळ गेलेला रस्ता शिरपूरमार्गे सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात शिरतो, दुसरा फाटा दोंडाईचा-शहाद्याकडे वळतो. गावात अहिराणी चालते, तर आसपासच्या तालुक्यांत भिली, पावरी, मावची, कोकणी, गुजरी या बोली आहेत. कचेरीची भाषा प्रमाण मराठी, महामार्गाची हिंदी. एकाच ठाण्याच्या नोंदवहीत मोहाची दारू, देशीची क्वार्टर, गांजा, झोपेच्या गोळ्या आणि अफूचा डोडा असे सगळेच येऊ शकते आणि यांतल्या प्रत्येकाचा माणूस वेगळा असतो.

मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पडतात. सातपुड्यातील घरांत ती वाळवून ठेवतात, खातात, विकतात आणि गाळतातही. इंदलाची पूजा, वाघदेव, होळी, सोयरीक, मृताचे विधी यांत पहिली धार देवापुढे किंवा जमिनीवर सोडली जाते. हे पिणे ठरलेल्या दिवशीचे, सगळ्यांसमक्ष, थोरामोठ्यांच्या नजरेखाली होते. काळा गूळ आणि नवसागर घालून नाल्याकाठी लावलेली हातभट्टी ही निराळी वस्तू. ती विक्रीसाठी असते, तिला सण नसतो. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र दोन्हींची नोंद ‘कच्चे रसायन’ अशीच होते. शेतकरी कुणब्याच्या किंवा पाटलाच्या घरात अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते आणि बाटली निघते तीही प्रथाच. तिला कोणी ‘आदिवासी संस्कृती’सारखे नाव देत नाही, एवढाच फरक.

यातून दोन चुका होतात. एक, प्रत्येक घोट गुन्हा समजणे. दुसरी जास्त घातक आणि सुशिक्षित कर्मचाऱ्यांत जास्त आढळणारी : ‘त्यांच्यात चालतंच’ म्हणून आजारालाही रीत समजणे. भिल्ल जन्मतःच दारूबाज, असे इंग्रज अंमलदारांनी लिहून ठेवले. आजचा सहानुभूतीचा सूर पुष्कळदा तेच वाक्य गोड करून म्हणतो. सण नसताना पहाटे उठून पिणारा, हात कापतात म्हणून पिणारा, पंगतीतून उठून एकटा पिणारा माणूस त्याच्या गावालाही आजारीच वाटतो. गावाला विचारले तर गाव ते सांगते.

कायदा : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपाला गुन्हा ठरवून मक्तेदारांच्या भट्ट्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून महाराष्ट्रात परवान्याशिवाय पिणे कागदोपत्री गुन्हाच आहे. शहरातल्या बारमध्ये परवाना कोण विचारतो, हे वाचकांना ठाऊक आहे. आठवडे बाजारातून परतणाऱ्या मजुरावर मात्र कलम सहज लागते. शेजारच्या मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरगुती व धार्मिक वापरापुरती दारू गाळण्याची मुभा आहे, महाराष्ट्रात नाही. पावरा कुटुंबाचे सोयरे शिरपूर तालुक्यात आणि सेंधव्याकडे असे दोन्हीकडे असतात. एका आत्याकडे जे घरचे काम, ते दुसऱ्या आत्याकडे अटकेचे कारण ठरते. साक्री व शिरपूर तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. उपचाराला गावाचा आधार हवा असेल तर ग्रामसभेने असा ठराव केला असल्यास तो कर्मचाऱ्याने वाचलेला असावा.

अमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. कलम २७ खालचा सेवनाचा किंवा इतर कलमांखालचा अल्प प्रमाण बाळगल्याचा (गांजासाठी १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत) गुन्हा शाबीत झालेल्या व्यसनी व्यक्तीला कलम ३९ नुसार न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते. उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत द्यायचा असतो. कलम ६४अ नुसार अशा आरोपाखालची व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घेईल तर तिच्यावरील खटलाच टळतो. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. गांजाच्या लागवडीला यांपैकी काहीही लागू नाही. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलीस वेळोवेळी गांजाची शेते उपटतात, त्या प्रकरणांत आरोपी स्वतः ओढत असला तरी कलम ३९ चे दार बंद असते.

कलम ३९ आणि ६४अ या दोन्हींचा पाया आरोपीची संमती किंवा इच्छा हा आहे आणि जाणिवेची खरी परीक्षा तिथे होते. साहेबासमोर मान हलवून म्हटलेला ‘हो’ म्हणजे संमती नव्हे. कित्येकदा त्याचा अर्थ ‘ऐकले, आता जाऊ द्या’ एवढाच असतो. पारध्यांसारख्या जमातींवर तर १९५२ पर्यंत जन्माने गुन्हेगार असा शिक्का होता. खाकी कपड्यातल्या माणसाने ‘दवाखान्यात चल’ म्हटल्यावर ते बोलावणे दवाखान्याचेच आहे, यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? संमती बोलीत, दुभाष्याकरवी, पोलीस बाजूला ठेवून घ्यावी. नातलग किंवा हवालदार यांना दुभाषी करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात, आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्यात त्याचा हक्क आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि स्त्रीला उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो, हेही पहिल्याच दिवशी सांगायचे असते.

उपचारातील बारकावे : रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अटकेमुळे अचानक तुटली की काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाका मारल्याचे ऐकू येते. घरचे म्हणतात बाहेरची बाधा. कोठडीतला शिपाई म्हणतो नाटक करतो. दोघांच्या मध्ये माणूस दगावू शकतो. कोठडीत घेताना ‘शेवटची कधी घेतली’ हा प्रश्न आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वेळेवर पोचणे, एवढ्याने जीव वाचतो. बाधा उतरवणाऱ्या भगताला किंवा बडव्याला हिणवण्यात काही हशील नाही. आधी इंजेक्शन, मग उतारा, असा समझोता घरच्यांशी बहुधा होतो आणि पुढे रुग्णाला तपासणीला आणणारा माणूस तोच भगत असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत ‘प्रमाणित पेये’ मोजतात. येथे माप नवटाकेत, पावशेरात, क्वार्टरमध्ये चालते. मोहाची तर पळसाच्या द्रोणातून फिरत असते. किती घेतली याचे उत्तर मिळत नाही तेव्हा माणूस खोटे बोलतो असे नसते, प्रश्न चुकलेला असतो. सकाळी घ्यावी लागते का, बाजाराच्या दिवशी मजुरीतले घरी किती पोचते, गेल्या होळीनंतर किती दिवस कोरडे गेले, असे विचारले की आकडे आपोआप निघतात. हाक मारतानाही ‘पेशंट’ किंवा ‘आरोपी’ नको. आप्पा, दादा, जिभाऊ, मावशी यांपैकी वयाला शोभेल ते वापरावे.

मालेगाव-धुळे पट्ट्यात अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. तिला वास येत नाही, म्हणून जिथे दारू धर्माने वा घरच्या शिस्तीने निषिद्ध आहे तिथेही ती शिरते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. अशा घरात बदनामीची भीती आजारापेक्षा मोठी असल्याने नोंदवही, फलक, मोठ्याने पुकारलेले नाव यांनीच रुग्ण पळून जातो.

घराघरांत चालणारा आणखी एक प्रकार म्हणजे नवऱ्याला न सांगता जेवणात मिसळलेले ‘दारू सोडवण्याचे औषध’. ते डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. समुपदेशकाने बायकोला दोष देऊ नये, पण हे विचारल्याशिवायही राहू नये. स्त्रियांचा प्रश्न दुहेरी आहे : हातभट्टीवर पोट चालवणारी विधवाही स्त्रीच आणि तिच्या गिऱ्हाइकाचा मार खाणारीही.

सोडण्याच्या स्थानिक वाटा : खानदेशात व्यसनमुक्ती ही केंद्रांनी आणली, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. तळोदे तालुक्यात मोरवड-रंजनपूरचे भिल्ल संत गुलाम महाराज यांच्याकडे १९३७-३८ मध्ये हजारो आदिवासी आरतीला जमत, दारू सोडत आणि एकमेकांना ‘आप की जय’ म्हणत. १९३८ मध्ये ते वारले, त्यानंतर बंधू रामदास महाराजांनी चळवळ चालवली. १९७२ नंतर शहादे भागात अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांच्या लढ्यात भिल्ल स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मजुरी आणि जमिनीच्या प्रश्नांबरोबर दारूचा प्रश्न त्यांनी स्वतः जोडला होता, बाहेरच्या कोणी नव्हे. सपाटीवर वारकऱ्यांची माळ आहे; अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या परंपरेचा प्रभाव असलेल्या गावांत माळ घातलेल्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. हे सामाजिक कवच कोणत्याही गोळीत नाही. रुग्णाचे घराणे यांपैकी कोणत्या वाटेचे, हा प्रश्न इतिहासपत्रकात असायला हवा, सहसा नसतो.

राज्यातील दोन उदाहरणे येथे उपयोगी आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांना समुपदेशक केले. जाण पुस्तकातून येत नाही याची ती कबुलीच होती. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गोंडांच्या घरांसारख्या बैठ्या झोपड्यांचा दवाखाना बांधून त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले, २०१६ पासून त्याच जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे व्यसनविरोधी काम गावपातळीवर चालते. गोंडांचा नमुना पावऱ्यांना जसाच्या तसा चालणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

तारखा व पाठपुरावा : दिवाळीनंतर उचल घेऊन मुकादमाबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेले कुटुंब होळी-अखाजीच्या सुमारास परतते. बंधपत्राची वर्षाची मुदत आणि महिन्याची तपासणी या वेळापत्रकात बसत नाही. गैरहजेरी म्हणजे व्यसन पुन्हा जडले, असा शेरा मारण्यापूर्वी माणूस कोणत्या कारखान्याच्या तळावर आहे ते विचारावे. उपचाराची सुरुवात शक्यतो पावसाळ्यात, माणूस गावी असताना करावी. उलट परतल्याबरोबरचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात, कारण हातात पैसा आणि दारात सण एकदमच येतात.

महामार्गावर धरलेल्या ट्रकचालकाची अडचण निराळी. मंदसौर-नीमचचा अफूपट्टा याच दिशेला असल्याने रात्र जागवण्यासाठी डोडा घेणारा चालक पंजाबचा वा राजस्थानचा असू शकतो. त्याला येथे जामीनदार नाही, आणि तुटलेल्या अफूचे जुलाब, अंगदुखी, जागरण तो कोठडीतच भोगतो. धुळ्याच्या केंद्रात ठेवून त्याची नोकरी घालवण्यापेक्षा त्याच्या जिल्ह्यातील मान्यताप्राप्त रुग्णालयाचा अहवाल स्वीकारणे शहाणपणाचे. कलम ३९ ला रुग्णालय शासनाने चालवलेले किंवा मान्य केलेले हवे आहे, ते याच जिल्ह्यातले असावे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.