माशांच्या औषधी खाद्याची कुळकथा

कारंजा लाड या गावाच्या नावामागे एक दुखणं आहे. करंज ऋषींना मोठी व्याधी जडली, त्यांनी अंबादेवीचा धावा केला, देवीनं तळं निर्माण केलं आणि त्यात स्नान करून ऋषी बरे झाले, ही आख्यायिका जुन्या गॅझेटिअरातही नोंदलेली आहे. तळ्याच्या पाण्यानं इथं माणूस बरा झाला. तळ्यातल्या आजारी माशाला बरं करण्याची विद्या मात्र फार उशिरा आली आणि ती आली विषाच्या वाटेनं.

झाडपाल्याचा आणि माशाचा पहिला संबंध मासेमारीतला. ओढ्याचा डोह अडवायचा, हिंगणाची साल किंवा गेळाची फळं ठेचून पाण्यात कालवायची आणि गुंगलेले मासे वेचायचे. करंजाची मुळं आणि बियाही या कामी येत. हिंगण-गेळात सॅपोनिन असतं. ते कल्ल्यांना इजा करतं, मासा गुदमरून वर येतो. मत्स्यशेतीनं हीच जाण पुढे वापरली. बीज सोडण्याआधी तळ्यातले मरळीसारखे शिकारी मासे काढून टाकायला मोहाची पेंड घालतात, मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि त्याच पेंडीचं खत होतं.

दुसरी पायरी आमिषाची. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हा गळानं मासे धरण्यावरचा भाग आहे. कोणत्या माशाला कोणतं खाणं रुचतं याचा विचार त्यात आहे. माशाला आपल्या हातानं खाऊ घालण्याचं शास्त्र आपल्याकडे इतकं जुनं आहे. फक्त त्याचा हेतू शिकारीचा होता.

हेतू बदलला तो मासा पाळीव झाल्यावर. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. मग रोहू, कटला, मृगळ यांचं बीज हवं तेव्हा मिळू लागलं, तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड हे नेहमीचं खाद्य झालं. पण दाटी वाढली की रोग वाढतात. १९८८च्या सुमारास ईशान्येकडून अंगावर व्रण पाडणारा बुरशीचा रोग देशात शिरला, तेव्हा लोकांनी तळ्यात चुन्यासोबत हळद टाकली. जखमेवर हळद लावण्याची घरोघरची रीत माशापर्यंत पोचली.

दुसरीकडे प्रतिजैविकं आली. ती वारंवार वापरली की मांसात अंश उरतो आणि जंतू त्यांना दाद देईनासे होतात. युरोपीय संघानं २००६पासून वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविकं मिसळण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास आपल्या प्रयोगशाळांत झाडपाल्याची कसोटी सुरू झाली. भुवनेश्वरच्या संशोधकांनी रोहूच्या खाद्यात लसूण आणि हळद, तर मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी अश्वगंधेचं मूळ घालून पाहिलं. नंतर एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू टोचला. खाद्यात वनस्पती असलेल्या माशांची प्रतिकारशक्ती वाढली, जास्त मासे तगले. वनस्पतीचं प्रमाण खाद्याच्या किलोमागे काही ग्रॅमचं असतं. अधिक घातलं म्हणून गुण अधिक येतोच असं नाही.

या साऱ्या प्रवासात झाडपाल्याची ताकद कामी येत राहिली. बदललं ते झाड, प्रमाण आणि हेतू. म्हणून कारंज्याच्या परिसरातल्या शेततळ्यांत हे करायचं तर मोजून करावं. वसमतची हळद शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यातली, लसूण घरातला. पूड वजन करून, थंड पेजेत कालवून खाद्याला चोळावी आणि सावलीत वाळवावी, म्हणजे औषध पाण्यात विरघळून वाया जात नाही. आधी थोड्या बोटुकल्यांवर पाहावं, तारीख, वजन आणि मरतूक वहीत लिहावी. ऋषींशी नाव जुळणारा करंज मात्र औषधी म्हणून खाद्यात टाकू नये. माशाच्या बाबतीत त्याची पहिली ओळख विषाचीच आहे.