कागदावरचा फुटबॉल

फुटबॉल पायाने खेळतात असे म्हणतात. माझा त्याच्याशी पहिला संबंध आला तो डोक्यामार्फत. वसईला चर्चच्या मैदानात सामना चालला होता आणि मी कडेला उभा राहून बोरे खात होतो. चेंडू आला, माझ्या डोक्यावर आपटला आणि तिथून थेट गोलात गेला. पंचांनी गोल दिला नाही, कारण मी दोन्हीपैकी कुठल्याच संघात नव्हतो. त्या दिवसापासून मी फुटबॉलचा चाहता आहे, आणि अजूनही कुठल्याच संघात नाही. बी.कॉम.ची पदवी, बँकेतली कारकुनी आणि विरार-चर्चगेटचा पास, एवढ्या भांडवलावर माणसाने आणखी व्हायचे तरी काय?

परवा अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. पोरगा तिकडे एम.एस. करायला गेला आहे. जाताना त्याला क्रिकेटखेरीज दुसरा खेळ ठाऊक नव्हता. आता फोन उचलला की आधी कॉलेजच्या फुटबॉलच्या बातम्या, मग तब्येत, मग आईला काय निरोप द्यायचा ते.

"मामा, इकडे कोचला काढून टाकतात ना, तेव्हा उरलेल्या कराराचे पैसे देऊन काढतात. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढलं, तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यावे लागले."

मी बँकेतला माणूस. लगेच कागदावर गुणाकार केला. सहाशे कोटी रुपयांच्या वर! आमच्याकडे माणूस साठ वर्षे इमानेइतबारे काम करतो तेव्हा त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळते. इथे काम जमले नाही म्हणून सहाशे कोटी.

"आणि मामा, 'बिग टेन' नावाची लीग आहे, तिच्यात आता अठरा कॉलेजं आहेत."

याचे मात्र मला मुळीच नवल वाटले नाही. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघे बसतात, तरी त्याला तिघांचेच बाक म्हणतात. पण पुढे तो म्हणाला, की अटलांटिक किनाऱ्याच्या लीगमध्ये २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कले ही कॅलिफोर्नियातली कॉलेजे खेळतात. म्हणजे पॅसिफिकवाली! हे म्हणजे अर्नाळ्याच्या संघाने बंगालच्या उपसागराच्या लीगमध्ये नाव घालण्यासारखे झाले. असे का, तर टीव्हीचे पैसे. पैसा दिसला की भूगोल आपोआप सरकून बसतो, चौथ्या सीटसारखा.

हे सगळे बोलणे आमचे चिरंजीव कान देऊन ऐकत होते. ते एफ.वाय.बी.कॉम.ला आहेत आणि कॉलेजच्या संघात लेफ्ट बॅक खेळतात. फोन ठेवताच त्यांनी विचारले, "बाबा, तिकडे कॉलेजात फुटबॉल खेळायचे पैसे मिळतात. आपल्याकडे काय मिळतं?"

"आईची बोलणी," मी म्हणालो. पण प्रश्न डोक्यात राहिला. बँकेतल्या माणसाची खोड अशी, की हिशोब लागत नसेल तर मागची पाने चाळायची. मी चाळली.

अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला. रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. एकेका बाजूला पंचवीस-पंचवीस जण. रटगर्सने ६-४ असा जिंकला. त्या सामन्यात चेंडू उचलून पळायला परवानगी नव्हती, म्हणजे नाव आणि खेळ यांचा थोडा तरी मेळ होता. पुढे हळूहळू चेंडू हातात गेला आणि नाव पायातच राहिले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मात्र त्या सोनूबाईला पाहायला एकेका स्टेडियमात लाख-लाख माणूस जमू लागले.

धसमुसळेपणाही तितकाच. १९०५ च्या एका हंगामात डझनाहून जास्त खेळाडू दगावले. शेवटी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून समज दिली. दुसऱ्याच वर्षी नियम बदलले आणि कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी संस्था निघाली. तीच आजची एन.सी.ए.ए.

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. पुढे एक पान असे लागले, की चहा निवून गेला.

रे डेनिसन नावाचा खेळाडू कोलोरॅडोत फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळत होता. १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून तो गेला. त्याच्या पत्नीने नुकसानभरपाई मागितली. कामावर मेलेल्या कामगाराच्या बायकोला मिळते, तशी. कॉलेजचे म्हणणे, तो कामगार नव्हे, विद्यार्थी. प्रकरण कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ मध्ये निकाल लागला. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, सबब भरपाई नाही. एन.सी.ए.ए.ने त्याच सुमारास 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द घडवला आणि सगळ्या कॉलेजांकडून गिरवून घेतला. खेळाडूंना कोणी नोकर म्हणू नये, हा त्यामागचा हेतू. हे दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. संस्थेचे अनेक वर्षे प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात ते कबूल केले.

आमच्याकडे एखादी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते कळेना, की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण ती तिथे फार दिवस ठेवली तर ऑडिटर रागावतो. त्यांनी माणसे सस्पेन्स खात्यात टाकली, आणि ती साठेक वर्षे तिथेच राहिली.

मग मी आपल्याकडची पाने उघडली. तर काय, आपल्याकडेही खेळाडू कागदावर दुसराच कोणीतरी!

मुंबईत १८९१ साली रोव्हर्स करंडक सुरू झाला. कूपरेजवर तो पाहायला अवघी मुंबई लोटायची. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे तो कोणी जिंकला? हैदराबादच्या पोलिसांनी. त्यांना शिकवणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९५८ साली जिंकला कॅलटेक्सने, म्हणजे पेट्रोलवाल्यांनी. त्याच कॅलटेक्सकडून खेळलेल्या आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले होते आणि भारत चौथा आला होता. मफतलाल, ओर्के या गिरण्यांचे संघ. टाटांचा, एअर इंडियाचा संघ. आणि बँकांचे संघ तर होतेच. मुंबईचा फुटबॉलवाला कागदावर कधी गिरणीत असे, कधी विमानात आणि कधी लेजरवर.

आमच्या बँकेतही एक होते. सगळे त्यांना 'गोलकीपर'च म्हणत. त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होते. १९८४ साली ते खेळाडूंच्या कोट्यातून लागले. सकाळी मस्टरवर सही करायची की कूपरेजकडे प्रस्थान. मी नोकरीला लागलो तोवर त्यांचा खेळ संपला होता, पण कीर्ती शिल्लक होती. कॅशिअरने काउंटरवरून नोटांचे बंडल कसेही फेको, यांनी ते झेललेच म्हणून समजा. उलट आकडे मात्र त्यांच्या हातून सुटत. लेजर टॅली होत नसे. जुने लोक म्हणत, "याच्याकडून चेंडू आत जात नाही आणि एन्ट्री बाहेर येत नाही."

आम्ही सगळे हसायचो. मीही हसलो आहे. तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते, की तिकडची आणि इकडची लबाडी दिसायला एकच असली तरी दोन्हींची तोंडे उलट दिशांना आहेत. तिकडे खेळाडूला विद्यार्थी म्हणायचे, कारण त्याला पैसे द्यायचे नव्हते. इकडे खेळाडूला कारकून म्हणायचे, कारण त्याला पैसे द्यायचे होते. एक डेबिट, दुसरी क्रेडिट.

आता दोन्हीकडची पाने उलटली आहेत. तिकडे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन.सी.ए.ए.ला एकमुखाने फटकारले आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली आणि कॉलेजांना आपल्या खेळाडूंत वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा मिळाली. सस्पेन्स खाते अखेर मोकळे होऊ लागले. इकडे रोव्हर्स करंडक २०००-०१ च्या खेपेनंतर झाला नाही. गिरण्या गेल्या, त्यांचे संघ गेले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे तिकडे खोटे संपले आणि पैसे आले, इकडे खोटे संपले आणि नोकरीही गेली.

मग चिरंजीवांना काय सांगायचे? रविवारी संध्याकाळी त्यांना घेऊन मी गोलकीपरांकडे गेलो. निवृत्तीनंतर ते वसईत चर्चच्या मैदानात लहान पोरांना शिकवतात. (हेच ते माझ्या डोक्याचे मैदान.) गुडघ्यांना पट्टे बांधून खुर्चीवर बसले होते, पण नजर चेंडूवर होती.

चिरंजीवांनी सरळ विचारले, "काका, फुटबॉल खेळू की बी.कॉम. करू?"

गोलकीपर माझ्याकडे बघून हसले. "तुझा बाप आणि बाकी सगळे मला हसायचे ना, लेजर टॅली होत नाही म्हणून?"

मी बुटांकडे पाहू लागलो.

"बरोबरच होतं त्यांचं," ते म्हणाले. "पस्तिसाव्या वर्षी गुडघे गेले. संघाबाहेर झालो आणि टेबलावर येऊन बसलो, तर बावीस वर्षांचं पोरगं मला डेबिट-क्रेडिट शिकवायला आलं. चांगलं होतं बिचारं. सर म्हणायचं मला. त्याची जास्त लाज वाटायची." थोडे थांबून म्हणाले, "बँकेनं अन्न दिलं, तक्रार नाही. पण दहा वर्षं मी कागदावर कारकून होतो, तेव्हाच थोडी कारकुनी शिकलो असतो तर ते खोटं राहिलं नसतं."

मग त्यांनी मुलाला तालिमेरेन आओंची गोष्ट सांगितली. नागा टेकड्यांतला मुलगा, कलकत्त्याला मेडिकल कॉलेजात शिकायला आलेला आणि मोहन बागानकडून खेळणारा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान तोच. आपली बरीच मुले अनवाणी खेळली, फ्रान्सकडून १-२ अशी हरली आणि दोन पेनल्ट्या चुकल्या. पण आओ परत येऊन अभ्यासाला बसले, १९५० मध्ये एम.बी.बी.एस. झाले आणि नागालँडला जाऊन आयुष्यभर डॉक्टरकी केली.

"त्याच्या कागदावर विद्यार्थी लिहिलं होतं," गोलकीपर म्हणाले, "आणि तो विद्यार्थी होता. कप्तान होता आणि विद्यार्थीही होता. तू कुठे खेळतोस?"

"लेफ्ट बॅक."

"मग उद्या सकाळी सहाला ये. आणि अकाउंट्सचं पुस्तक पण आण. खेळ झाला की तू मला शिकव. मला ते अजून नीट कळलेलं नाही."

तेव्हापासून चिरंजीव सकाळी मैदानावर जातात. कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत ०-५ हरला. पाचही गोल डाव्या बाजूने झाले असे ऐकतो, पण मी खोलात गेलो नाही. गोलकीपरांचा डेबिट-क्रेडिटचा धडा मात्र पुरा झाला असून ते आता घसाऱ्यावर आले आहेत. त्यांच्या मते गुडघ्यांचाही घसारा दरसाल धरला पाहिजे.

सामन्यासाठी बुडलेली हजेरी भरून मिळावी, म्हणून कॉलेजने पालकाचे संमतिपत्र मागितले. 'माझा पाल्य कॉलेजकडून फुटबॉल खेळतो, यास माझी संमती आहे.' मी ते दोनदा वाचले. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत. मी सही ठोकली.

चार दिवसांनी पत्र परत आले. वर शेरा होता : पालकाची सही प्रवेशअर्जावरील सहीशी जुळत नाही.

याच कारणावरून मी आजवर लोकांचे किती चेक परत केले असतील याची गणती नाही. हात जरा हलला असावा. दुसरे पत्र लिहिले, हात टेबलावर घट्ट टेकवला आणि सावकाश सही केली.