लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

सिंदी मेघेत आज एवढी मंडळी जमली, बरं वाटलं. आपल्या वर्ध्याने दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवलं. १९६९ साली अध्यक्ष होते पु. शि. रेगे आणि २०२३ साली नरेंद्र चपळगावकर. म्हणजे साहित्य आपल्याला परकं नाही. तरीही "सर, लिहावंसं वाटतं, पण आपण कोण लिहिणारे?" हा प्रश्न मला आजही ऐकू येतो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आमच्या शास्त्रात ग्रंथाच्या आरंभीच विचारतात, याचा अधिकारी कोण? माझं म्हणणं असं की, लिहिण्याविषयीची कविता वाचकाला स्फूर्ती देते ती या प्रश्नाला हात घालते म्हणून. नुसतं कौतुक करून ती काही धीर देत नाही.

तुकोबांचंच पाहा. देहूचा वाणीव्यवसाय करणारा कुणबी. स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कविता करायला सांगून गेले, असं ते स्वतः अभंगात सांगतात. पुढे वह्या इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणं धरलं, तेही अभंगात आलं आहे. पण याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. आपण लिहितो ते खरं आपलं आहे का, आपल्याला हे झेपेल का, ही शंकासुद्धा तुकोबा लपवत नाहीत. मोठा कवी अशी शंका उघड बोलून दाखवतो, तेव्हा वाचकाला वाटतं, अरे, हे तर माझंच!

याचा पुरावा? बहिणाबाई. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत बरं का. या सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या. जन्म १६२८. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग या मुलीच्या कानावर पडले. वय असेल अकरा-बारा. पुढे तिने तुकोबांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या घरातल्या बाईने शूद्राला गुरू करावं, हे वेदपाठी नवऱ्याला सहन होईना. मारहाण झाली. हे सगळं आपल्याला कळतं कुठून? तिच्याच अभंगांतून. तिने स्वतःचं आयुष्य ओव्या-अभंगांत लिहून ठेवलं. तुकोबांनी स्वतःविषयी लिहिलं, म्हणून बाईनेही स्वतःविषयी लिहिलं, असं शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही. पण मागचा दिवा नसता, तर ही वाट इतकी सोपी झाली नसती, एवढं म्हणायला हरकत नाही.

तीनशे वर्षांनी नारायण सुर्वे. रस्त्यावर सापडलेलं मूल. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवलं. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६६ साली संग्रह काढला, नाव दिलं 'माझे विद्यापीठ'. ज्याला कॉलेजचं तोंड पाहायला मिळालं नाही, त्याने रस्त्यालाच विद्यापीठ म्हटलं! पुढे १९९५ मध्ये परभणीला तेच संमेलनाध्यक्ष झाले.

आता एक कबुली. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने कवितांची वही माझ्याकडे दिली होती. मी इमानेइतबारे लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि वही परत केली. एक शब्दही बरा म्हटला नाही. तो पुन्हा कधी वही घेऊन आला नाही. चूक शुद्धलेखनाची नव्हती, चूक माझी होती. त्याने विचारलं होतं, "मी अधिकारी आहे का?" आणि मी उत्तर दिलं व्याकरणाचं.

म्हणून सांगतो, घरात कोणी वही लपवून लिहीत असेल तर आधी ती वाचा. सुधारणा मागाहून करता येतात. आणि स्वतः लिहीत असाल, तर परवानगीची वाट पाहू नका. ती तुकोबांनी केव्हाच देऊन ठेवली आहे.

आता प्रश्न घेऊ या.