तीन दिवसांत टक्कल, उत्तराला मात्र महिने: केसगळतीवरच्या संशोधनाला इतका वेळ का लागतो?

डिसेंबर २०२४ चा शेवट. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचं डोकं खाजायला लागलं. मग केसांतून हात फिरवला की पुंजकाच हातात यायला लागला. तीन-चार दिवसांत काहींच्या डोक्यावर पूर्ण टक्कल पडलं. बघता बघता १८ गावांमधून २७९ जणांची नोंद झाली. त्यात शाळकरी मुलं होती, कॉलेजच्या मुली होत्या, सत्तरी ओलांडलेली माणसंही होती. मुलामुलींनी बाहेर पडणं सोडलं, काहींची ठरलेली लग्नं मोडली.

कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी बुरशीला, तर कुणी बोअरच्या पाण्याला. पाण्यात नायट्रेट जास्त सापडल्यामुळे काही दिवस संशय तिथेच अडकला. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. गावकऱ्यांचा प्रश्न मात्र साधा होता. केस तीन दिवसांत जातात, तर कारण कळायला इतके दिवस का लागतात?

हा प्रश्न फक्त शेगावचा नाही. टक्कल घालवणारं औषध कधी येणार, याची वाट जगभर पाहिली जाते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी एकाच ठिकाणी सापडतात.

महाडचे डॉक्टर शेगावला का गेले?

या केसगळतीचा स्वतंत्रपणे शोध घेणाऱ्यांमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर होते. त्यांचं हॉस्पिटल रायगड जिल्ह्यातल्या महाडला, म्हणजे शेगावपासून रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटरवर. २०२२ साली पद्मश्री मिळालेले बावस्कर केसांचे डॉक्टर नाहीत. जगाला ते माहीत आहेत विंचवामुळे.

१९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यातून स्पष्ट होत गेलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनी गोळी विंचूदंशासाठी वापरली आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

तरीही ते थांबले नाहीत. नुसतं प्राझोसिन बरं की त्याच्या जोडीला प्रतिविषाची लस द्यावी, हे ७० रुग्णांवर तपासून त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये निष्कर्ष मांडले. लस जोडीला दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, असं त्यात दिसलं. बिरवाडीपासून इथपर्यंत ३५ वर्षं गेली.

गहू, रक्त आणि सेलेनियम

फेब्रुवारी २०२५ मध्ये बावस्करांनी शेगावच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार बाधित लोकांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं. शरीरातलं झिंक मात्र बरंच कमी झालं होतं. रेशनवर आलेल्या, पंजाबकडच्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलीग्राम सेलेनियम सापडलं.

सेलेनियम हे जमिनीतून पिकात येणारं मूलद्रव्य आहे. शरीराला ते लागतं, पण अगदी थोडं. प्रौढ माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. आता साधं गणित करू. त्या नमुन्यासारख्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर एका दिवसात ४,३०० मायक्रोग्रॅमहून जास्त सेलेनियम पोटात जातं. म्हणजे मर्यादेच्या दहापट.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याला घट्टपणा येतो गंधकाच्या बंधांमुळे. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचा जवळचा भाऊ. ते जास्त झालं की गंधकाच्या जागी जाऊन बसतं आणि केस कमकुवत होतो. नखंही केराटिनचीच असतात.

हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ दरम्यान गावंच्या गावं केस आणि नखं गमावत होती. तिथल्या कोळशातून सेलेनियम जमिनीत आणि पिकांत उतरलं होतं. बाधित लोकांच्या पोटात दिवसाला सरासरी ५ मिलीग्रामच्या आसपास सेलेनियम जात होतं, असा हिशोब संशोधकांनी मांडला तो १९८३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. भारतातही पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचं कृषी शास्त्रज्ञांनी आधीच नोंदवलेलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक औषधात सेलेनियमचं प्रमाण चुकून दोनशे पट पडलं, तेव्हा २०१ जण आजारी पडले. त्यांच्यापैकी बहुतेकांचे केस गळाले होते.

अर्थात, एका पाहणीत दुवा सापडणं आणि तो पूर्ण सिद्ध होणं यात अंतर असतं. तो गहू कोणकोणत्या घरांत गेला, ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांना त्रास झाला का, वेगळ्या प्रयोगशाळेत तेच आकडे येतात का, हे सगळं जुळावं लागतं. महिने जातात ते यात.

केसाचं घड्याळ

आणखी वेळ लागतो तो खुद्द केसामुळे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस दोन ते सात वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तीनेक महिने तो नुसताच टिकून राहतो आणि शेवटी गळतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे.

डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन झालं की शरीर बरेच केस एकदम विश्रांतीत पाठवतं. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस आजार विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूला जातो. विषबाधेत किंवा कॅन्सरच्या केमोथेरपीत मात्र वाढणाऱ्या केसावरच घाव पडतो, त्यामुळे केस दिवसांत किंवा आठवड्यांत जातात. शेगावच्या केसगळतीचा वेग हाच मोठा सुगावा होता.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, हाताचं नख तीन मिलिमीटर. त्यामुळे नखात झालेला बिघाड उशिरा दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतल्या काही लोकांची नखं ठिसूळ होऊन गळू लागली. अनेकांच्या डोक्यावर तोवर केस पुन्हा उगवू लागले होते.

मग टक्कल घालवणारं औषध कुठे अडलंय?

शेगावसारखी केसगळती बाहेरच्या कारणाने होते. कारण हटलं की केस परत येण्याची शक्यता मोठी असते. पुरुषांचं नेहमीचं टक्कल वेगळं. त्यात डीएचटी या हार्मोनमुळे केसाचं मूळ वर्षानुवर्षं बारीक होत जातं.

यावरची दोन मुख्य औषधं टक्कल डोळ्यांसमोर ठेवून शोधलेली नाहीत. मिनॉक्सिडिल ही प्राझोसिनसारखीच रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले, म्हणून डोक्याला लावायचं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली.

फिनास्टेराइडची गोष्टही एका गावातूनच सुरू होते. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही पुरुषांमध्ये जन्मतः डीएचटी फार कमी होतं. त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथी लहान होत्या आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी ही निरीक्षणं १९७४ मध्ये मांडली. त्या धाग्यावर बनलेलं औषध १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये टक्कलासाठी मंजूर झालं. मधे २३ वर्षं गेली. ही दोन्ही औषधं गळती रोखतात, काही केस परत आणतात आणि बंद केली की फायदा ओसरतो.

चाईसाठी, म्हणजे गोल चट्टे पडून जाणाऱ्या केसांसाठी, २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उठते आणि ही गोळी तो हल्ला थोपवते. नेहमीच्या टक्कलावर तिचा उपयोग नाही.

प्रयोगशाळेत नवीन केसच तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या की केस उगवण्याची क्षमता हरवून बसतात. २०१३ मध्ये कोलंबिया आणि डरहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या उलट्या लटकवलेल्या थेंबांत वाढवल्या. तिथे पेशी एकमेकींना बिलगून राहिल्या आणि उंदरावर लावलेल्या माणसाच्या त्वचेत नवे केस उगवले. सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींना यश आलं.

मग बाजारात का नाही? कारण उंदरावर यश मिळणं सोपं असतं. उंदराचे केस लाटेसारखे एकत्र वाढतात, माणसाचा प्रत्येक केस आपापल्या वेळेने. माणसावरच्या चाचणीत फरक दिसायलाच सहा महिने ते वर्ष लागतं. निम्म्या लोकांना नकली औषध देऊन तुलना करावी लागते. उगवलेला केस गळून त्याच जागी पुन्हा येतो का, हे पाहायला आणखी वर्षं जातात. शिवाय टक्कलाने जीव जात नाही, त्यामुळे औषधाचा धोका अगदी कमी असावा लागतो.

रीलमधल्या तेलाचं काय?

भारताच्या औषध नियमांमध्ये 'शेड्युल जे' नावाची यादी आहे. त्यातले आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. टक्कल आणि नवीन केस उगवणं, दोन्ही त्या यादीत आहेत. 'पंधरा दिवसांत केस परत' म्हणणाऱ्याकडे केसाच्या घड्याळालाही उत्तर नसतं, कारण पंधरा दिवसांत केस जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढतो.

केस अचानक पुंजक्याने गळू लागले तर गेल्या तीन महिन्यांतलं आजारपण, ताप आणि नवीन गोळ्या आठवून लिहून ठेवाव्यात आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बरेचदा सेलेनियम असतं, त्यामुळे दोन-तीन गोळ्या एकदम सुरू करू नयेत. घरातल्या किंवा गावातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास झाला, तर आरोग्य केंद्राला कळवावं आणि घरातला गहू, तांदूळ फेकण्याआधी थोडा बाजूला ठेवावा. शेगावमध्ये महत्त्वाचा सुगावा त्याच पिशवीत सापडला होता.