सारासातेंनी गाळलेला भाग

मी तत्त्वज्ञान शिकवलं, संगीत नाही. त्यामुळे व्हायोलिनवर बोलायला उभा राहिलो ते वादक म्हणून नव्हे, पन्नास वर्षं रेकॉर्डी ऐकणारा माणूस म्हणून. अलीकडे वरचे, अगदी बारीक सूर मला कमी ऐकू येतात. तेव्हा आवडत्या रेकॉर्डींचा हिशेब एकदा मांडून ठेवावा, असं वाटलं.

विषय आहे पाब्लो दे सारासाते या स्पॅनिश वादकाची ‘त्सिगॉयनरवायझेन’ ही रचना. नावाचा अर्थ साधारण ‘जिप्सी सुरावटी’. रचना १८७८ ची. आधी ठाय लयीत रडवेला आलाप, मग एक संथ गाणं, आणि शेवटी अशी धाव की ऐकणाऱ्याची छाती धडधडावी. डाव्या हाताच्याच बोटांनी तार छेडायची, त्याच हाताने सूरही दाबायचे. कसरत आहे, नाही कशाला म्हणा!

गंमत अशी, की सारासातेंनी १९०४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ही रचना स्वतःच ध्वनिमुद्रित केली. ती रेकॉर्ड आज ऐकायला मिळते. आणि तिच्यात मधलं संथ गाणं नाही! तबकडीवर जागा किती, तीनचार मिनिटांची. आलापानंतर कुणाचा तरी बोलण्याचा आवाज येतो, तो सारासातेंचाच असावा असं मानतात, आणि लगेच शेवटची धाव सुरू. गाळलेल्या गाण्याची चाल मुळात सेंतिर्माय नावाच्या हंगेरियन संगीतकाराची. सारासाते तिला लोकगीत समजले होते. म्हणून गाळली असं मी म्हणत नाही. पण योगायोग मोठा खट्याळ आहे.

आता १९३७ ची यशा हायफेट्झ यांची रेकॉर्ड घ्या. लंडनची, वाद्यवृंदासह. इथे संथ भाग आहे, आणि मला तोच सर्वांत आवडतो. लोक हायफेट्झना थंड म्हणतात. मला ते पटत नाही. ते अश्रू दाखवत नाहीत, एवढंच. सारासाते मात्र हलके, जवळजवळ बेफिकीर वाजवतात. अवघड जागा आली हे कळूच देत नाहीत.

मग खरी ‘त्सिगॉयनरवायझेन’ कुठली? नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ च्या पुस्तकात कडक नियम घातला: लिहिलेला एक सूर जरी चुकला, तरी ते त्या रचनेचं वादन नव्हे. का, तर एकेक सूर माफ करत गेलात तर बेथोव्हेनची पाचवी सिंफनी एखाद्या बडबडगीतापर्यंत जाऊन पोचेल. तर्क बिनचूक आहे. पण त्या हिशेबाने सारासातेंनी सारासातेच वाजवले नाहीत! वर्गात मी हा मुद्दा मांडला की मुलं हसायची, मीही हसायचो. पुढे प्रश्न मात्र सुटायचा नाही.

तो थोडा उलगडला आपल्याकडच्या व्हायोलिनमुळे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचा आश्रम आपल्या पंचवटीतला. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, बंदिशींची पुस्तकं छापली. म्हणजे लिहून ठेवण्यावर त्यांचा विश्वास गुडमनइतकाच. पण त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, यांचं गाणं त्या पुस्तकांत सापडत नाही. ते सापडतं रेकॉर्डीत. बापूरावांना व्हायोलिनची साथ करायचे पंडित दामोदर केशव दातार. बापूराव १९५५ मध्ये गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. दातार तेव्हा तेवीस वर्षांचे.

साथ म्हणजे काय, ते पाहा. गायक पुढे कुठे जाणार हे लिहिलेलं नसतं. वादकाने अर्धं पाऊल मागे राहून ओळखायचं. आपले लोक मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक पायावर टेकवतात. म्हणजे डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा होतो आणि बोट तारेवर हवं तेवढं घसरू शकतं. तीच मींड. दातारांचं नंतरचं स्वतंत्र वादनही गायकीचंच राहिलं. गज ओढतात तो श्वासासारखा.

मालकंसात रिषभ किंवा पंचम लागला तर गुडमनपेक्षा कडक आमचे आजोबा कान पकडतील. म्हणजे एका सुराची चूक आपल्याकडेही अक्षम्यच. फक्त आपला नियम कुठला सूर यायचा नाही ते सांगतो. पुढचा कुठला यायलाच हवा, ते सांगत नाही. सारासाते, मला वाटतं, १९०४ मध्ये आपल्या नियमाने वाजवत होते.

बरं, आता ऐकू या. पहिली १९०४ ची. खरखर बरीच आहे, तिकडे काणाडोळा करा. मधे बोललेले शब्द येतील, तिथे मी हात वर करीन. त्यापुढचे वरचे सूर मला नीट ऐकू येणार नाहीत, ते कसे लागले ते पुढच्या रांगेतल्यांनी मला सांगायचं.